सातव्या खुर्चीतल्या बाई

बाईंनी एकदा स्वतःच्याच विरुद्ध तक्रार केली होती. अ‍ॅशबर्नला इथे अमेरिकेत त्यांच्या सोसायटीत कुंपणाला कोणता रंग लावायचा याचे नियम आहेत. बाईंच्या कुंपणाचा तपकिरी यादीतल्या तपकिरीपेक्षा किंचित गडद निघाला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, येण्यासारखंही नव्हतं. पण बाईंनी डब्यावरचं लेबल वाचलं, यादी वाचली आणि कमिटीला पत्र लिहिलं, की अमुक नंबरच्या घरमालकिणीने नियमभंग केला आहे, योग्य ती कारवाई व्हावी. कमिटीने उत्तर दिलं नाही. तीन आठवड्यांनी बाईंचं दुसरं पत्र गेलं, कारवाईत दिरंगाई होत असल्याबद्दल. शेवटी कमिटीचा अध्यक्ष घरी येऊन म्हणाला, "मॅम, प्लीज, इट्स फाइन." बाईंनी त्याच्यादेखत कुंपण नव्याने रंगवायला घेतलं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या शोकसभेत ही गोष्ट दोघातिघांनी सांगितली आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. एक काका म्हणाले, "अशी तत्त्वाची माणसं आता होणे नाही." मी मागच्या रांगेत होतो. मला बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं सांगून टाळलं.

सत्तरीच्या पुढच्या होत्या त्या. आमच्यासारखे आयटीवाले इथे यायच्या कितीतरी आधी, लग्न होऊन आल्या. आधी इंडियानात कुठेतरी होत्या, मग इकडे. हॉस्पिटलच्या औषधविभागात आयुष्यभर नोकरी केली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या वर्गांमध्ये आमची मराठी शाळा भरते, ती त्यांनी जवळजवळ एकटीने उभी केली. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांच्या त्या 'बाई'. शेजारचा अमेरिकन म्हातारा त्यांना 'बाय' म्हणायचा, निरोप घेताना म्हणतात तसं. बाई दर वेळी थांबून सांगायच्या, "शेवटी दीर्घ ई आहे." बारा वर्षं सांगत होत्या. तो बारा वर्षं 'बाय' म्हणत होता.

चूक त्यांना दिसायची नाही, टोचायची. गणेशोत्सवाचं पत्रक आलं की ते लाल पेनाने दुरुस्त होऊन पोस्टाने आमच्या मराठी मंडळाकडे परत जायचं. मंडळाच्या ग्रुपवर त्यांना घेतलं होतं. दोन महिन्यांत 'आपले र्‍हस्व-दीर्घ सुधारल्यावर कळवावे' असा निरोप ठेवून त्या बाहेर पडल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. चार रस्त्यांवरच्या स्टॉपच्या पाटीपाशी त्या गाडी थांबवून मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणायच्या, मागे कितीही हॉर्न वाजोत. आणि औषधविभागातली त्यांची एक गोष्ट त्या नव्या शिक्षकांना हमखास सांगत. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही की त्या डॉक्टरला फोन करत. तो जेवत असो, झोपलेला असो. "शंका आली की फोन. अंदाज करायचा नाही. अंदाजाने माणूस मरतो."

मी त्या शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांना शिकवत असे. मी अकोल्याकडचा. माझ्या तोंडून एखादं 'मले', 'तुले' निसटलं की बाई वर्गाच्या दारातूनच म्हणायच्या, "ते घरचं. शाळेत नको." एकदा नागपूरच्या जोडप्याची सहा वर्षांची अन्वी त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मले पानी पायजे." बाईंनी तिच्याकडून 'मला पाणी हवं आहे' हे वाक्य तीनदा म्हणवून घेतलं आणि मगच बाटली उघडून दिली. पोरगी पाणी पिऊन म्हणाली, "बट माय आजी सेज इट." बाई म्हणाल्या, "तुझी आजी तुझ्या घरी बरोबर आहे." त्या दिवशी मीही हसलो होतो. मला राग यायला हवा होता, हे फार उशिरा कळलं.

आता ज्युरीचं. आमच्या लोकांत ज्युरी ड्यूटीचं समन्स म्हणजे कटकट. सिटिझन झालेल्याला ते कधी ना कधी येतं आणि ते कसं चुकवावं याच्या युक्त्या पार्ट्यांमधून फिरत असतात. एका पिकनिकला एक गृहस्थ रंगवून सांगत होते, "मी सरळ जजला सांगितलं, पोलिसांनी पकडलं म्हणजे केलंच असणार. दोन मिनिटांत घरी पाठवलं यार!" सगळे हसले. बाईंनी हातातली डिश खाली ठेवली.

"बारा माणसं," त्या म्हणाल्या. "त्यांत वकील नाही, न्यायाधीश नाही. कुणी ट्रक चालवतो, कुणी शाळेत शिकवतो. एका माणसाचं आयुष्य त्यांच्या पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, ठरवा. आपल्याकडेही ज्युरी होती, काढून टाकली. लोकांची अक्कल पुरत नाही म्हणे. इथे पुरते असं मानतात. याहून मोठा मान कोणता देश माणसाला देतो? आणि तुम्ही तो चुकवल्याचं हसत सांगता?"

बाईंनी डिश उचलली आणि जेवायला लागल्या.

त्यांना स्वतःला तीनदा समन्स आलं होतं. तिन्ही वेळा त्या नेसून, आवरून, पुस्तक घेऊन कोर्टात गेल्या आणि तिन्ही वेळा निवड न होताच परत आल्या. नागरिकत्व घेऊन तीस वर्षं झाली होती. त्या म्हणायच्या, "एकदा तरी त्या खुर्चीत बसू देत. मग डोळे मिटले तरी चालतील." आम्हाला ती गंमत वाटायची.

चौथ्या वेळी निवड झाली. त्या रविवारी त्या शाळेत आल्या त्या वेगळ्याच दिसत होत्या, एखाद्या मुलीचं लग्न ठरल्यासारख्या. मला म्हणाल्या, "माझी निवड झाली आहे. खटला फौजदारी आहे. याहून एक अक्षर विचारू नकोस, मी सांगणार नाही." मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी आल्या तेव्हा गप्प होत्या. वर्गात एका मुलाने फळ्यावर 'पाणि' लिहिलं, ते तसंच राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. खटला संपला होता, आता बोलायला त्यांना मोकळीक होती. लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही समोरासमोर बसलो आणि त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

आरोपी मराठी बाई होती. सिंधू तिचं नाव. अकोटजवळच्या एका खेड्यातली, चाळिशीतली, विधवा. इथल्या एका बड्या घरात म्हाताऱ्या आजींची देखभाल करायला तिला आणलं होतं. आजींना आधाराशिवाय चालता येत नसे. एका दुपारी बाथरूममधून आणताना आजी पडल्या, डोकं टबच्या कडेवर आपटलं, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारल्या. त्यांच्या दंडावर बोटांचे वळ होते. घरच्यांनी पोलिसांना सांगितलं की ही बाई आजींवर ओरडायची. पोलिसांनी फोनवरच्या दुभाष्यामार्फत सिंधूला विचारलं, ते सगळं रेकॉर्ड झालं. पुढे त्या रेकॉर्डिंगचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं गेलं. आजींना मारहाण करून त्यांच्या मृत्यूला कारण झाली, असा सिंधूवर आरोप होता. तिच्या वकिलाने तिला साक्षीला उभं केलं नाही. म्हणजे बारा जणांनी तिचं जे काही ऐकलं ते त्या रेकॉर्डिंगमधलंच.

निवडीच्या वेळी सरकारी वकिलाने बाईंना विचारलं होतं, "आरोपी तुमच्या भाषेत बोलते. कोर्टापुढे आलेलं इंग्रजी भाषांतर तुम्हाला चुकीचं वाटलं, तरी तेच पुरावा म्हणून मानाल का?"

"मी म्हटलं, हो," बाई म्हणाल्या. "शपथेवर म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं की दोन्ही वकिलांनी मला ठेवून घेतलं."

त्यांना सातवी खुर्ची मिळाली होती. रेकॉर्डिंग लावलं त्या दिवशी प्रत्येक ज्युररच्या हातात भाषांतराचा कागद दिला. जजने सांगितलं, कानाने ऐकाल तो पुरावा नव्हे, हातात आहे तो पुरावा. मग त्या खोलीत सिंधूचा आवाज आला. बाईंनी तो मला जसाच्या तसा म्हणून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी वऱ्हाडी ऐकली:

"आजीले धरून आणत होती मी. वल्लं होतं सारं. माहा हात सुटला. माह्या हातानं झालं वं माय."

"आणि खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "ते ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं? 'माहा' नाही, 'माझा'. मी मनातल्या मनात तिला दुरुस्त केलं. मग कागदाकडे बघितलं."

कागदावर लिहिलं होतं, 'आय लॉस्ट कंट्रोल ऑफ माय हँड. आय डिड इट ऑल विथ माय ओन हँड्स.'



"रागाने हात सुटतो तो वेगळा," बाई म्हणाल्या, फळ्यापाशी उभ्या असल्यासारख्या. "धरलेला हात सुटतो तो वेगळा. आधी 'धरून आणत होती' आहे ना? 'वल्लं' आहे ना? मग रागाचा अर्थ येईल कुठून? चौथीतल्या पोराला कळेल. आणि 'माझ्या हातानं झालं' म्हणजे 'मी केलं' नव्हे. ते हळहळणं आहे. बशी फुटली तरी आपण तसं म्हणतो."

"तिच्या लक्षात नाही आलं? सिंधूच्या?"

"येणार कसं? तिला इंग्रजी येत नाही. तिच्या शेजारी बसलेली दुभाषी कोर्टातलं इंग्रजी तिच्या कानात मराठीत सांगत होती. सरकारी वकील म्हणाला, शी लॉस्ट कंट्रोल ऑफ हर हँड. ते परत मराठीत काय झालं असेल? हात सुटला. तिने मान हलवली. हो म्हणाली. आपलंच बोलणं परत ऐकलं ना तिने."

पुढे बारा जणांना एका खोलीत बसवलं. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निकाल लागत नाही. तिथे बाई दीड दिवस एकट्या विरुद्ध होत्या. त्या म्हणाल्या, वळ दंडाच्या आतल्या बाजूला आहेत. मारणारा तिथे मारत नाही, सावरणारा तिथे धरतो. त्यांचा फोरमन, म्हणजे बारा जणांचा प्रमुख, हार्डवेअरच्या दुकानाचा मॅनेजर होता, शांत आणि समंजस माणूस. तो म्हणाला, "दॅट्स अ गुड पॉइंट." मग त्याने कागद पुढे सरकवला. "बट शी सेड इट हरसेल्फ." बाई म्हणाल्या, जमीन ओली होती, फोटोत दिसते आहे. सगळ्यांनी फोटो पाहिला. "बट शी सेड इट." प्रत्येक वाट फिरून त्या एका ओळीशी येत होती. दुसऱ्या एका ज्युरर बाईच्या मुलीची संध्याकाळी मॅच होती. ती चिडून बाईंना म्हणाली, "तुम्ही तिला सोडायला बघताय, कारण ती तुमच्यातली आहे."

"त्या वेळी तरी सांगायचं!" मी म्हणालो. "एवढंच सांगायचं, की हे भाषांतर चूक आहे."

"सांगायला बंदी होती. आपला अर्थ इतरांना सांगायचा नाही असं जजने बजावलं होतं. मी शब्द दिला होता."

"मग?"

"शुक्रवारी दुपारी फोरमनने पुन्हा हात वर करायला सांगितलं. मी विचार केला, पुरावा म्हणजे तो कागद. कागदावर गुन्हा शाबीत होतो. मी हात वर केला."

निकाल वाचल्यावर एकेका ज्युररला उभं करून विचारलं. ज्युरर नंबर सेव्हन, इज धिस युअर व्हर्डिक्ट? बाई म्हणाल्या, "इट इज." हे मला सांगतानाही त्यांचा उच्चार स्वच्छ होता.

मी त्यांच्यावर ओरडलो. शाळेचा रखवालदार दारातून डोकावून गेला इतका ओरडलो. डॉक्टरांच्या अक्षरासाठी तुम्ही झोपेतून माणसं उठवायचात, म्हणालो, आणि इथे एक बाई आत चालली होती! बाई म्हणाल्या, "तिथे फोन करायचा नियम होता. इथे न बोलायचा नियम होता." त्यांना या उत्तरात काही वावगं दिसत नव्हतं. पण त्यांची बोटं मांडीवरच्या पदराच्या काठाशी सारखी चाळा करत होती, आणि मला थांबवून घेऊन हे सगळं सांगण्याची त्यांना गरज पडली होती.

त्याच आठवड्यात मी त्यांना सिंधूच्या वकिलाकडे घेऊन गेलो. सरकारने दिलेली वकील, तिशीची मुलगी, टेबलावर फायलींचा ढिगारा. तिने बाईंचं सगळं ऐकून घेतलं. एकदा डोळे मिटले. मग एक फाइल काढून त्यातलं एक पान बाईंपुढे ठेवलं. जजने ज्युरीला दिलेली सूचना. पहिलं वाक्य बाई म्हणाल्या तेच होतं. भाषांतराबद्दलचं आपलं मत इतर ज्युरर्सना सांगू नये. दुसरं वाक्य असं होतं, की भाषांतराच्या अचूकपणाबद्दल शंका असल्यास ज्युररने ती लेखी चिठ्ठीने न्यायाधीशांना कळवावी.

"एक चिठ्ठी," ती मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एक ओळ लिहिली असती तर मी तिथल्या तिथे दुसरा भाषांतरकार मागितला असता."

"तुम्ही आधी का तपासून घेतलं नाही?" मी विचारलं.

"तपासायला माणूस शोधत होते. कोर्टाच्या यादीत मराठीचा एकच माणूस होता, आणि ते भाषांतर त्यानेच केलेलं. खटल्यातली दुभाषी ऐन वेळी दुसऱ्या राज्यातून आणली. तुमच्या मंडळाला विचारलं, कुणीतरी एक तास येऊन रेकॉर्डिंग ऐकेल का? कुणीही फोन केला नाही."

"मला कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर बघत होतो.

तिने अर्ज केला. अर्ज फेटाळला. भाषांतर बचावपक्षाकडे कितीतरी आधी दिलेलं होतं, तेव्हा हरकत घेतली नाही, आता उशीर झाला. आणि ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं, हे ज्युररने बाहेर येऊन सांगितलं तरी निकाल त्यावरून बदलत नाही. बाईंनी सही करून दिलेलं निवेदन वाचलंही गेलं नाही. सिंधूला आठ वर्षांची शिक्षा झाली. ती संपली की विमानात बसवून परत पाठवणार.

बाईंनी त्यानंतर एकच हट्ट धरला, तिला भेटायचं. कैद्याने होकार दिल्याशिवाय भेट मिळत नाही. मराठी नावं बघून सिंधूने होकार दिला असावा. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी गाडी काढली. दोन तासांचा रस्ता. बाईंनी भेटीच्या नियमांचं पत्रक पाठ केलं होतं. कोणत्या रंगाचे कपडे नकोत, काय नेता येत नाही. मंगळसूत्र त्यांनी यजमान गेल्यापासून घातलं नव्हतं. तरी दारातल्या तपासणीत त्यांनी न सांगता कानातल्या कुड्याही काढून दिल्या.

एका मोठ्या खोलीत खाली खिळलेली टेबलं होती. सिंधू आली. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेले. तिने आधी माझ्याकडेच पाहिलं.

"तुमी कुठले?"

"अकोल्याचा."

"अकोल्याचे!" तिचा चेहरा एकदम उघडला. "अकोल्यात कुठं? माही नणंद हाय ना जठारपेठेत."

"आमचं घर तिथून पाच मिनिटांवर हाय," मी म्हणालो. किती वर्षांनी मी मोठ्याने असा बोललो असेन. ती बोलत सुटली. नणंदेबद्दल, मुलीबद्दल, बारावीला आहे, हुशार आहे. इथलं जेवण कसं फिकं असतं. कुणाशी बोलायला नसल्यामुळे तिचं तिलाच आपलं बोलणं अनोळखी वाटायला लागलंय, असंही म्हणाली. दोन-तीन मिनिटं त्या खोलीत अकोला होतं.

मग तिची नजर बाईंवर गेली आणि ती थांबली.

"तुमी त्या बारा जणायतल्या ना? सातवी खुर्ची."

"हो," बाई म्हणाल्या.

"मी रोज तुमच्याकडे पाहत होती. मले वाटे, इथं एक तरी हाय जिले माहं बोलनं समजते. वकिलीन म्हणे, भिऊ नको, तुमच्यातली एक आहे. तुमाले मराठी येते?"

"येते."

"टेपवर म्या काय सांगतलं, ते समजलं होतं तुमाले?"

"समजलं होतं," बाई म्हणाल्या. "हात सुटला, म्हणजे निसटला. मला समजलं होतं."

सिंधूने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मंग?" ती म्हणाली.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. निवडीच्या वेळचा प्रश्न, शपथ, पुरावा कशाला म्हणतात, सूचनेचं पहिलं वाक्य. शुद्ध, नितळ मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. 'न्यायालयाने ग्राह्य धरलेला मजकूर' असे शब्द त्या टेबलावरून पलीकडे जात होते. सिंधू ऐकत होती. अर्ध्यातच तिने पहारेकरणीकडे पाहून हात वर केला. भेटीची वेळ अजून बरीच होती. उठताना ती मला म्हणाली, "येते, भाऊ." बाईंना काही म्हणाली नाही. पुढे आम्ही पुन्हा भेट मागितली, तेव्हा कळलं की तिने आम्हा दोघांचीही नावं तिच्या यादीतून काढून टाकली आहेत.

आम्ही परत निघालो. शेतं गेली, मग गोदामं गेली, मग आमच्या बाजूच्या त्या बिनखिडक्यांच्या पांढऱ्या डेटा सेंटरच्या इमारती सुरू झाल्या.

"मी दुसरं वाक्य ऐकलं होतं," त्या एकदम म्हणाल्या.

"कोणतं?"

"चिठ्ठीचं. जजने वाचलं तेव्हाच ऐकलं होतं. मी कधी अर्धवट ऐकते का? रेकॉर्डिंग लागलं त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिलीही. पर्समध्ये होती. मग वाटलं, ही दिली तर म्हणतील, ही बाई निःपक्ष नाही, आपल्या भाषेची बाजू घेते. मला उठवतील. बाहेर दोन राखीव ज्युरर बसलेले होते. तीस वर्षं वाट बघितली होती रे. मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. म्हटलं, आतच राहीन आणि तिला वाचवीन. नियमात राहून. आणि नंतर आत बसल्यावर, दीड दिवस नाही म्हटल्यावर, चिठ्ठी द्यायची लाज वाटायला लागली. म्हणतील, मग इतके दिवस काय करत होतात?"

मी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली.

"तुला काय वाटतं? मी चुकले?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली ती बाई मला विचारत होती. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. 'चुकलात' म्हटलं असतं तरी त्यांना मोकळं वाटलं असतं.

"तुम्ही नियम पाळलात, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मी ते दुखावण्यासाठीच म्हणालो होतो आणि ते लागलं, हेही मी पाहिलं.

घरासमोर गाडी थांबली तरी त्या उतरल्या नाहीत.

"वकीलबाई म्हणाल्या ना, मंडळाला विचारलं होतं म्हणून. ग्रुपवर आलं असेल का ते?"

आलं होतं. खटल्याच्या तीन-चार महिने आधी. 'एका मराठी भगिनीवर पोलीस केस झाली आहे. तिच्या वकिलांना एक रेकॉर्डिंग ऐकून सांगणारी व्यक्ती हवी आहे. एक तास लागेल. विदर्भाकडची असल्यास उत्तम.' खाली फोन नंबर. मी ते दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं होतं. दोनदा वाचलं. विदर्भाकडची असल्यास उत्तम. माझ्या ग्रीन कार्डचे कागद तेव्हा अडकलेले होते. पोलीस, कोर्ट, कशाला नसती भानगड, असं वाटलं. शिवाय दोनशे माणसं आहेत ग्रुपवर, कुणीतरी करेलच. संध्याकाळी पुन्हा उघडलं तेव्हा मंडळाचं नाव अशा गोष्टीत नको म्हणून कुणीतरी तो मेसेज काढून टाकला होता. मला बरं वाटलं होतं.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग दार उघडून उतरल्या आणि खिडकीशी वाकून म्हणाल्या,

"मला वाटलंच. तुला कळलं असतं, तर तू गेला असतास."